मिठागरातलं कासव

त्या साली उन्हाळा लागला तरी आभाळाचा भरवसा वाटेना. सकाळी टळटळीत ऊन पडायचं आणि दुपारनंतर कुठून तरी ढगांचा काळा पट्टा समुद्राच्या अंगाला येऊन बसायचा. तो दिसला की मिठागरावरच्या माणसांचे हात आपोआप भराभर चालायला लागायचे. वाफ्यातलं खारं पाणी आटून तळाशी मीठ धरलं की ते लांब दांड्याच्या फळीने ओढायचं आणि बांधावर त्याची रास घालायची. त्याआधी नुसते शिंतोडे आले तरी सगळी मेहनत पाण्यात. दुसरीकडे लोक हे बोलण्यापुरतं म्हणतात, मिठागरावर ते खरोखर तसंच व्हायचं.

बगळा हा तिथला जुना माणूस. अंगाने काटकुळा, पाय लांबच लांब. वाफ्यात उतरला की गुडघा उंच उचलून पाऊल अलगद पाण्यात सोडायचा, म्हणून पोरवयातच त्याला हे नाव पडलं आणि कायमचं चिकटलं. आता या वयात ते नाव त्याच्या कामी येत होतं. गेल्या पावसाळ्यापासून त्याचे डोळे जात चालले होते. पांढऱ्या मिठावरून परतणाऱ्या उन्हाने आधी कडा खाल्ल्या, मग मधलंही पुसत नेलं. उजेड आहे की सावली, एवढंच काय ते उरलं होतं. पण तो पाऊल चाचपून टाकतो आहे हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. लोकांच्या लेखी तो बगळाच, असाच चालणार.

शहरातल्या डॉक्टरने डोळ्यांत बॅटरी मारून बघितलं आणि सांगितलं की आतली शीर सुकली आहे, गेलेलं परत येणार नाही. हे ऐकायला फक्त बायको बरोबर होती. घर जवळ आल्यावर तो एवढंच म्हणाला, "ठिपकीला सांगायचं नाही."

बायकोने का म्हणून विचारलं नाही. मुकादम धडधाकट जोडीलाच वाफे देतो, हे एक कारण होतं. पण खरं कारण ठिपकी होती. हनुवटीवर तीळ असलेली ही त्यांची एकुलती एक लेक. बापाचे डोळे गेले हे कळलं असतं, तर त्याच दिवशी दप्तर खुंटीला टांगून ती वाफ्यात उतरली असती. तिचा स्वभाव दोघांनाही पुरता ठाऊक होता. आणि तिचं डोकं तर आत्ता कुठे उघडलं होतं.

गणितात ठिपकी म्हणजे दगड, असं आधीच्या गुरुजींनी तिसरीतच ठरवून टाकलं होतं. पाढे म्हणताना ती सातावर अडकायची आणि छडी बसली की सहाही विसरायची. पाटीवर भोपळा मिळाला की बगळा म्हणायचा, काढलाय मात्र गुरुजींनी सुबक. ती हसायची, पण रात्री झोपेत हात झाडायची.

मग ते गुरुजी गेले आणि तरुण बाई आल्या. त्यांच्याबरोबर खोक्यांतून जुनी संगणक यंत्रं आली. कुणी तरी वापरून टाकलेलीच होती. खाऱ्या हवेने गंजू नयेत म्हणून बाई ती रोज चादरीखाली झाकायच्या आणि कोरड्या फडक्याने स्वतः पुसायच्या. त्या गणित फळ्यावर कमी आणि यंत्रावर जास्त शिकवत. पडद्यावर एक छोटं कासव असायचं. त्याला हुकूम द्यायचे, तेही आपल्याच बोलीत. पुढे शंभर. उजवीकडे नव्वद. कासव सांगितलं तेवढंच चालायचं आणि मागे रेघ सोडायचं. हाच हुकूम चार वेळा दिला की चौकोन. चार वेळा लिहायचा कंटाळा आला तर नुसतं 'परत चार' म्हणायचं. वाकडं झालं तर बाई छडी उचलत नसत. त्या म्हणत, कासवाने तुझंच ऐकलंय, तू काय सांगितलंस ते बघ.

ठिपकीला आयुष्यात पहिल्यांदा कुणी तरी तिचं ऐकणारं भेटलं होतं. सातचा पाढा तिला कासवाच्या पायाखाली आपसूक आला. संध्याकाळी मिठागरावर ती बापाला घ्यायला यायची आणि बांधावरून घरी येईपर्यंत तिच्या तोंडाला खंड नसायचा. त्या बडबडीच्या आधाराने बगळा चालायचा. तिचा आवाज जिकडे, तिकडे वाट.

एकदा ती फुरंगटून आली. तिला तीन बाजूंचा सारखा त्रिकोण काढायचा होता. कोपरा साठ अंशांचा, म्हणून तिने कासवाला साठ वळायला सांगितलं, तर कासव भलतीकडेच निघालं. बाई उत्तर सांगत नाहीत, घरी जाऊन स्वतः कासव होऊन बघा म्हणतात.

"मग मी होतो कासव," बगळा म्हणाला.

रिकाम्या, कोरड्या वाफ्यात दोघं उतरले. ती हुकूम देत होती, तो चालत होता. या खेळात डोळे लागतच नव्हते. किती दिवसांनी तो मोकळ्या पायांनी, धाक न बाळगता चालला. पहिल्या कोपऱ्यावर ती ओरडली, आता तिकडे मिठाच्या राशीकडे तोंड करा. रास कुठे आहे हे त्याला पायांनी पाठ होतं. तो वळला, वळला, आणखी वळला, जवळजवळ आल्या वाटेलाच तोंड झालं. ठिपकी एकदम गप्प झाली. मग हळूच म्हणाली, "बाबा, कोपरा लहान आहे, पण तुम्ही किती जास्त वळलात. कासव आतून नाही वळत, बाहेरून वळतं." आणि ती वाफ्यातल्या वाफ्यात गिरक्या घेत सुटली. एकशेवीस, एकशेवीस म्हणत. बगळा उभ्या जागी हसत होता. तिचा चेहरा आता कसा दिसत असेल हे मात्र त्याला आठवून बघावं लागलं, आणि आठवला तो वर्षापूर्वीचा.

हे असं फार दिवस चालणार नव्हतं. मीठ ओढताना फळी किती दाबायची हे डोळ्यांचं काम. जरा जास्त दाबली की खालचा चिखल वर येतो. बगळा बोटांनी, जिभेने अंदाज घ्यायचा, तरी त्याच्या राशीत करडे पट्टे यायला लागले. मुकादमाने सायकल थांबवून रास पायाने उकरली आणि विचारलं, हे मीठ आहे की राख. बायको शेजारच्या वाफ्यातून धावत येऊन फळी घ्यायची, पण तिला तरी दोन हातांचे चार कुठून आणता येणार.

पुढे एका सकाळी कुणी तरी पाणी आत घ्यायला बांध फोडला होता. काल होता तो बांध आज तिथे नव्हता. बगळा डोक्यावर मिठाची भरली पाटी घेऊन आला आणि पाटीसकट खाली गेला. वर आला तेव्हा नाकातोंडात चिखल, अंगभर मीठ. बांधावर मुकादम उभा होता, मागे सात-आठ माणसं.

"काय रे बगळ्या, सकाळीच?" मुकादमाने अंगठा तोंडाकडे नेला असावा, कारण माणसं हसली.

बायकोने काही तरी सांगायला तोंड उघडलं. बगळा तिच्या आधी बोलला. "थोडीशीच घेतली साहेब. पुन्हा नाही होणार."

आयुष्यात थेंबाला शिवलेला नव्हता. रात्री बायकोने त्याच्या खरचटलेल्या गुडघ्यावरून ओलं फडकं फिरवताना विचारलं की हे काय बोलून बसलात. तो म्हणाला, पिणारा उद्या शुद्धीवर येतो असं लोकांना वाटतं, म्हणून त्याला ठेवून घेतात. आंधळ्याला कोण ठेवतं?

मिठागरावर बोलणं मिठासारखं पसरतं. मग तो बांधाला ठेचकाळला तरी लोक समजून हसायचे, फळी चुकली तरी हसायचे. शाळेतल्या पोरांनी ठिपकीला झिंगत चालून दाखवलं. एका संध्याकाळी ती बापाच्या अगदी जवळ आली, त्याच्या सदऱ्याला काही तरी लागलंय म्हणून झटकायचं निमित्त केलं आणि तोंडाजवळ नाक नेऊन थांबली. बगळ्याला ते कळलं. तो श्वास सोडायचा थांबला. तिला त्यातून काय वाटलं कोण जाणे, पण त्यानंतर ती संध्याकाळी घ्यायला यायची बंद झाली. घरातही कासवाचं नाव निघेना. बगळा बायकोच्या खांद्यामागून चालत घरी यायचा. ती जाणूनबुजून पाय घासत चालायची, म्हणजे त्याला ऐकू यावं.

शाळेने पालकांना बोलावलं, मुलांनी यंत्रावर केलेलं गणित दाखवायला. ठिपकीने आईला एकटीला सांगितलं, तू ये फक्त. आईने ते नवऱ्यापासून लपवलं नाही. एक गोष्ट लपवता लपवताच ती थकून गेली होती.

बगळ्याने खुंटीवरचा धुतलेला सदरा चाचपून काढला. मग म्हणाला, "मी येणार. आपला बाप शुद्धीत आहे, हे चार लोकांत दिसू दे तिला."

त्या दिवशी तो घासून घासून न्हाला. टाचांच्या भेगांतलं मीठ काडीने काढलं. बायकोने सदऱ्याची बटणं हाताने तपासली, केसांना पाणी लावून भांग पाडला. शाळेच्या खोलीत गर्दी होती. बाईंनी बापांना पुढच्या बाकावर बसवलं आणि आयांना मागे. बायको मागे गेली, तेव्हा पहिल्यांदा बगळ्याला भीती वाटली. समोर भिंतीवर मोठा पडदा लावला आहे आणि मुलं काढतील ते त्यावर उमटणार आहे, एवढं त्याने बोलण्यावरून ताडलं.

पहिली दोन मुलं झाली. चित्र उमटलं की लोक टाळ्या वाजवायचे, की लगेच तोही वाजवायचा. जमत होतं. मग बाईंनी ठिपकीला हाक मारली. तिची पावलं त्याच्या जवळून गेली आणि क्षणभर थांबली. त्याने तोंड उघडून मुद्दाम मोठा श्वास सोडला. घे वास, पोरी.

ठिपकीने आधी समजावून सांगितलं. आवाज कापत होता, पण सांगणं सरळ होतं. कासवाला मुळात थोडेच शब्द येतात, बाकीचे आपण शिकवायचे. एक शब्द शिकवला की पुढचा शब्द त्याच्यातून बनवता येतो. असं करत करत तिने एक मोठं चित्र केलं आहे. "आता बघा," ती म्हणाली आणि कळ दाबल्याचा आवाज झाला.

खोली शांत झाली. टाळ्या आल्या नाहीत. बगळ्याने वाट पाहिली. कुणी खोकलं, कुणी बाक हलवला. इतकं सुंदर असेल की लोक बघतच राहिले, असं त्याला वाटलं. आणि आपण बाप असून मागे राहिलो, पिणाऱ्याला कळत नाही म्हणतील, असंही वाटलं. तो उठून उभा राहिला.

"वा," तो म्हणाला. "काय काढलंयस बाळा. अगदी रेखीव." आणि त्याने जोरात टाळ्या वाजवल्या.

आधी एक जण फिसकला, मग सगळी खोली हसली. मागून कुणी तरी म्हणालं की आज जरा जास्तच झालेली दिसतेय. बगळा टाळ्यांसाठी वर केलेले हात खाली घ्यायला विसरला. बाई घाईने म्हणाल्या, वायर सुटली आहे, पडदा कोराच आहे, एक मिनिट थांबा. वायर बसली, चित्र उमटलं, लोकांनी टाळ्या दिल्या. ठिपकी मात्र पडद्याकडे बघत नव्हती. बायकोने नंतर सांगितलं, पोर तुमच्या डोळ्यांकडे बघत होती. तुम्ही खिडकीकडे तोंड करून उभे होतात.

घरी येताना आई मागे राहिली. फोडलेल्या बांधाशी ठिपकीने बापाचा हात धरला.

"इथे बांध नाही. डावीकडून या."

"माहीत आहे मला."

"माहीत आहे. दिसत नाही," ती म्हणाली. थोड्या वेळाने म्हणाली, "कधीपासून, बाबा?"

त्याने सांगितलं.

घरी आईला तिने विचारलं, तुला ठाऊक होतं? आई भांडी घासत होती, घासतच राहिली. मग ठिपकी रडायला लागली. शाळेतल्या हसण्याचं तिला काही नव्हतं, डोळ्यांचंही ती बोलली नाही. ती एकच वाक्य परत परत म्हणत होती, मी बाबांच्या तोंडाचा वास घेतला. बगळा म्हणाला की अगं, लोकांनी सांगितलं, तू तरी काय करणार. तिने ते ऐकलं नाही. रडून रडून उचकी लागली तरी ते वाक्य थांबलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी बगळा वाफ्यात उतरला तेव्हा शेजारी आणखी एक फळी चालत होती. बायकोची नव्हती. हलकी होती, पण नेटाने ओढलेली. त्याने विचारलं कोण आहे. उत्तर आलं नाही आणि ते आलं नाही म्हणूनच त्याला कळलं. शाळेत जा, तो म्हणाला. फळी चालतच राहिली. तो ओरडला, तिला नको नको ते बोलला, आणि मग आयुष्यात पहिल्यांदा त्याने लेकीवर हात उगारला. हात वर गेला आणि तिथेच राहिला. ती कुठे उभी आहे हे त्याला माहीत नव्हतं.

पाण्यातून पावलं आली. ठिपकीने त्याचा उगारलेला हात धरला आणि आपल्या गालाला लावला.

"मारा. इथे आहे मी."

गाल ओला होता, खारट पाण्याने की कशाने ते कळलं नाही. त्याने हात तसाच ठेवला. मग पाठ फिरवून तो आपली फळी शोधायला लागला. तीही तिनेच त्याच्या हातात दिली.

बाई आल्या. चपला हातात घेऊन निसरड्या बांधावर उभ्या राहिल्या. त्यांनी बगळ्याची समजूत घातली, मग बायकोची, शेवटी ठिपकीची. ठिपकी काम न थांबवता म्हणाली की ढग बघा बाई. दुपारनंतर तरी ये, यंत्र तुझ्यासाठी उघडं ठेवीन, असं त्या म्हणाल्या. काही दिवस ठिपकी गेली. बोटांच्या पेरांना भेगा पडल्या होत्या, कळ दाबली की चुरचुरायचं. एकदा ती यंत्रासमोरच झोपली, आणि बाईंनी उठवलं तेव्हा पडदाभर एकच अक्षर उमटलेलं होतं. त्या दिवसापासून तिने जाणं सोडलं.

ढग शेवटी फुटलाच. पण तोवर तिघांनी मिळून रास वर घेऊन झाकली होती. पाऊस ओसरल्यावर मुकादम आला, झाकण उचलून बघितलं, चिमूटभर मीठ हातावर घेतलं. स्वच्छ पांढरं होतं. त्याने बगळ्याच्या पाठीवर थाप मारली. "सोडलीस वाटतं?"

"सोडली," बगळा म्हणाला.

वाफ्यांत पुन्हा खारं पाणी घेतलं, पुन्हा ऊन तापलं. पत्र्याच्या खोल्यांत बसवेना म्हणून शाळेतली मुलं ओसरीवर बसायला लागली. वारा तिकडून असला की सकाळची हजेरी मिठागरावर स्पष्ट ऐकू यायची. बाई एकेक नाव घ्यायच्या, 'हजर' यायचं. मध्ये एक नाव यायचं आणि त्यामागे काहीच यायचं नाही. बाई थोडं थांबायच्या, मग पुढचं नाव. घरात ज्या नावाने तिला कुणी हाक मारत नव्हतं, ते नाव रोज वाऱ्यावर यायचं. ते यायच्या दोन नावं आधी ठिपकीची फळी थांबायची. हजेरी संपली की पुन्हा सुरू व्हायची, पण मग पुढे बराच वेळ ओढण्याला लय नसायची. बायकोच्या हे लक्षात आलं नव्हतं. ती बघून काम करायची. बगळा ऐकून करायचा.

एका दुपारी तो एकटाच शाळेकडे निघाला. बांध पायांनी मोजत, एकदा पडून, एकदा वाट चुकून तो ओसरीशी पोचला. मुलं घरी गेली होती. बाईंनी त्याला हाताला धरून खोलीत नेलं, बसवलं, पाणी दिलं. पेला त्याने दोन्ही हातांनी धरला.

"त्या दिवशी तिने काय काढलं होतं?" त्याने विचारलं. "मी बघितलं नाही ना."

बाईंनी चादर काढली, यंत्र सुरू केलं. चित्र उमटायला वेळ लागत होता, तसतसं त्या सांगत गेल्या. आधी एक चौकोन. ठिपकीने त्याला 'वाफा' हे नाव शिकवलंय. मग वाफ्याशेजारी वाफा, अशी ओळ, ओळीखाली ओळ. प्रत्येकाच्या टोकाला छोटा त्रिकोण, त्याचं नाव 'रास'. किती वाफे हवेत तो आकडा आपण सांगायचा, कासव तेवढे काढतं, कितीही सांगा. बाई थांबल्या. मग म्हणाल्या, "कोपऱ्यातल्या एका वाफ्यात दोन उभ्या रेघा आहेत. मी विचारलं होतं. आई-बाबा म्हणाली."

"दोनच?"

"दोनच."

बगळ्याने पेला खाली ठेवला. जागा चुकली, बाईंनी तो धरला.

"एक मागायला आलो होतो," तो म्हणाला. "हजेरीत तिचं नाव घेता, ते घेऊ नका."

बाई म्हणाल्या की नाव मी मुद्दामच पटावर ठेवलंय, नाव असलं तर ती परत येऊ शकते. कधीही. पुढच्या वर्षीसुद्धा. बगळ्याने मान हलवली. त्याला ते कळत होतं. त्याला हेही कळत होतं की पुढच्या वर्षी त्याला उजेडसुद्धा दिसणार नाही.

"तुमचा आवाज आमच्यापर्यंत येतो, बाई. नाव आलं की ती थांबते. रोज थांबते. मला ऐकवत नाही ते."

यंत्राचा पंखा तेवढा घरघरत होता. मग त्या म्हणाल्या, बरं. आणि त्याला बांधापर्यंत सोडायला आल्या.

दुसऱ्या सकाळी वारा शाळेकडूनच होता. तिघं वाफ्यात होते. पाणी अजून गार होतं, मीठ तळाशी नुकतं धरत होतं. हजेरी सुरू झाली. नावं येत होती, 'हजर' येत होतं. शेजारची फळी चालत होती. मग ती थांबली. बगळ्यानेही आपली थांबवली आणि दांडा छातीशी धरून उभा राहिला.

एका मुलीचं नाव आलं. हजर. पुढच्या मुलीचं आलं. हजर. आणि मग, ठिपकीचं न येता, लगेच त्याच्या पुढचं.

हजेरी संपली. मुलं काही तरी एका सुरात म्हणायला लागली. ठिपकीची फळी सुरू झाली नाही. बगळा कान देऊन उभा राहिला. पाणी हललं नाही, हुंदका आला नाही, ती काही बोलली नाही. ती रडते आहे, की शाळेकडे बघत नुसती उभी आहे, की त्याच्याकडेच बघते आहे, हे कळायला त्याला काहीच मार्ग नव्हता.